रिपोर्टच्या फाइलशेजारी एक वही

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, जुनाट श्वसनविकार, संधिवात, मूत्रपिंडाचा आजार. यांतलं एखादं दुखणं किंवा तीन-चार दुखणी एकत्र घेऊन जगणारं ज्येष्ठ माणूस आज अनेक घरांत आहे. त्यांच्या रिपोर्टांची फाइल नीट लावलेली असते. तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, टूडी एको, सगळं त्यात सापडतं. पण आजींनी देवळात जाणं कधी सोडलं, आबांचं भाजी आणायला जाणं कोणत्या महिन्यात थांबलं, जिन्याच्या मधल्या पायरीवर दम घ्यायला कधीपासून लागला, हे कुठेच लिहिलेलं नसतं. जगण्याची प्रत खालावते ती आधी या गोष्टींत दिसते, रक्ताच्या आकड्यांत पुष्कळदा नंतर. वेळीच दिसली तर गेलेल्यातलं काही परत मिळवता येतं, आणि जे परत येणार नाही त्याची तयारी घाईगर्दीशिवाय करता येते. म्हणून अशा प्रत्येक घराला माझा आग्रह आहे की फाइलशेजारी एक शंभर पानी वही ठेवा.

मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्या पाहणीत आजारांची यादी तर होतीच, पण हाताची पकड, चालण्याचा वेग आणि आंघोळ, कपडे, जेवण ही रोजची कामं स्वतः करता येतात का, हेही नोंदवलं गेलं. म्हातारपणातल्या आजाराचा खरा भार अशाच मोजमापांतून कळतो. यातलं बरंचसं घरी, बिनखर्चाने करता येतं.

आधी आजचं चित्र लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानासाठी बरा दिवस निवडा. ताप, सर्दी, नुकताच झालेला दवाखाना असं काही नसावं. पुढच्या प्रत्येक नोंदीची तुलना या पानाशी व्हायची आहे. शेजारचे ८२ वर्षांचे काका रोज टेकडी चढतात याच्याशी आपल्या बाबांचा काही संबंध नाही. बाबांची तुलना फक्त सहा महिन्यांपूर्वीच्या बाबांशी करायची.

पानावर दोन याद्या करा. पहिली अगदी मूलभूत सहा गोष्टींची: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाऊन येणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. ही यादी अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली मांडली आणि आजही जगभर वापरली जाते. दुसरी यादी घराबाहेरच्या आणि डोकं लावून करायच्या कामांची: बँक आणि पेन्शन, फोन लावणं, औषधं वेळेवर आणि बरोबर घेणं, बाजारहाट, स्वयंपाक, बसने किंवा रिक्षाने एकट्याने जाऊन येणं. प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: स्वतः, मदतीने, किंवा बंद.

दुसरी यादी मात्र छापील घेऊ नका. ज्या आजोबांनी आयुष्यात कुकर लावला नाही त्यांच्यापुढे ‘स्वयंपाक बंद’ लिहिण्यात अर्थ नाही, आणि ज्या आजींनी बँक पाहिली नाही त्यांचंही तसंच. त्यांच्या आयुष्यात जे होतं ते लिहा: पूजेची तयारी, पोथी, दारची झाडं, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, ज्येष्ठ नागरिक संघातली बैठक, पापड-लोणची, शेतावरची फेरी, तंबोरा. आवडीची गोष्ट सुटणं ही फार मोलाची खूण आहे. ‘आता कंटाळा येतो’ असं सांगून माणूस ती सोडतं, पण त्या कंटाळ्यामागे बहुधा गुडघा, डोळा, कान, लघवीची घाई किंवा उदास मन असतं.

या याद्यांना साधारण एक क्रम असतो. आधी दुसऱ्या यादीतली कामं सुटू लागतात: हिशेब चुकतात, गोळ्या राहून जातात, बाजार थांबतो. मग पहिल्या यादीत बहुतेक वेळा आंघोळ आधी जाते आणि जेवण सर्वांत शेवटी. त्यामुळे रोजची आंघोळ दिवसाआड झाली, तर ‘थंडी आहे’ म्हणून सोडून देऊ नका. न्हाणीघरात जायची भीती वाटते का, तांब्या उचलताना खांदा दुखतो का, खाली बसल्यावर उठता येत नाही का, हे विचारा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण घरोघरी नेमकी तीच निसटते. आपल्याकडे घसरण मायेखाली झाकली जाते. ‘तुम्ही बसा हो, मी करते,’ म्हणत सूनबाई बादली भरून ठेवते, मुलगा पेन्शन काढून आणतो, नात मोबाइल लावून देते. वर्षभराने बाबा स्वतः काय करतात हे कोणालाच सांगता येत नाही. मदत जरूर करा, पण काम कोणाच्या हाती गेलं आणि कोणत्या महिन्यात, तेवढं वहीत लिहा.

महिन्यातून एकदा, तीच मोजमापं

महिन्याची एक तारीख ठरवा. पेन्शनचा दिवस किंवा एकादशी लक्षात राहायला बरी. अर्धा तास पुरतो.

वजन सकाळी, चहाआधी, तशाच हलक्या कपड्यांत करा. मनात नसताना तीन महिन्यांत ३ किलोहून जास्त किंवा वर्षात पाच टक्के वजन उतरलं, तर तो इशारा समजा. मधुमेहाच्या घरात वजन उतरलं की सगळ्यांना आनंद होतो. पंचाहत्तरीच्या माणसाच्या बाबतीत तो आनंद लगेच मानू नका, चरबीबरोबर स्नायूही जात असतात. काटा नसेल तर पट्ट्याचं भोक, सैल झालेल्या बांगड्या, ढिला ब्लाउज, हलू लागलेली कवळी यांवरूनही कळतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाचं वजन मात्र फसवं असतं, कारण अंगात पाणी साठलं की स्नायू आटत असूनही काटा वर जातो. म्हणून शिवणकामाच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर हा स्नायू आटल्याचा संशय घेण्याचा आकडा म्हणून आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली दिला आहे. पायावर सूज असताना ही मोजणी करू नका.

मग खुर्ची. हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, एकाने शेजारी उभं राहावं. हाताची घडी छातीवर घालून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांसाठीच्या तपासणीत यासाठी १४ सेकंदांची मर्यादा आहे. ज्यांचा तोल जातो किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना ही चाचणी करायला लावू नका, ‘हाताने रेटून उठावं लागतं’ एवढं लिहिलं तरी पुरे.

चालणंही मोजा. पॅसेजमध्ये खडूने चार मीटर अंतरावर दोन रेघा आखा. रोजच्या चपला, रोजची काठी, रोजचीच चाल. चार मीटरला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागू लागले तर चाल मंदावली आहे. साधी चाल एवढं काय सांगणार, असं वाटेल. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३४ हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या नोंदी एकत्र पाहिल्या, तेव्हा चालण्याचा वेग आणि पुढचं आयुर्मान यांचा स्पष्ट संबंध दिसला. चालताना हृदय, फुप्फुस, सांधे, नसा, डोळे, मेंदू सगळे एकाच वेळी राबतात. कुठेही तूट आली की ती पावलात दिसते.

स्मरणशक्ती पाहण्यासाठी सुरुवातीलाच तीन शब्द सांगा: फूल, दार, भात. बाकीची मोजमापं झाल्यावर ते विचारा. पेपरातली बारीक अक्षरं वाचता येतात का, टीव्हीचा आवाज वाढला आहे का, हेही टिपा. मोतीबिंदू आणि बहिरेपण यांनी माणूस घरातल्या घरात एकटं पडतं आणि त्याला आपण वयाचा परिणाम म्हणतो. शेवटी मनाविषयी दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटलं का? नेहमीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? एकाचंही उत्तर ‘बहुतेक दिवस’ असेल तर डॉक्टरांना सांगा. म्हातारपणातलं नैराश्य उपचाराने सुधारतं, आणि ते सुधारलं की भूक, झोप, चालणं यांतही फरक पडतो.

त्यांना विचारा, आणि एकटं गाठून विचारा

वर्षातून चार वेळा एक प्रश्न विचारा: ‘तुम्हाला तुमची तब्येत कशी वाटते? उत्तम, चांगली, बरी, की वाईट?’ १९९७ साली एलन इडलर आणि येल बेन्यामिनी यांनी अशा २७ अभ्यासांचा आढावा घेतला. आजार, औषधं, वय यांचा हिशेब करूनही जवळपास सर्व अभ्यासांत लोकांचं स्वतःच्या तब्येतीविषयीचं मत पुढच्या आयुष्याबद्दल काही वेगळं सांगून जात होतं. आपल्या शरीरातला बदल माणसाला आतून कळतो. उत्तर ‘चांगली’वरून ‘वाईट’वर आलं आणि रिपोर्ट तेच असले, तरी आईवर विश्वास ठेवा.

आपले ज्येष्ठ पटकन खरं सांगत नाहीत. ‘चाललंय’, ‘आता माझं काय राहिलंय’, ‘तुम्हाला कशाला त्रास’ यांवर विषय मिटतो. सून, मुलगा, नातवंडं भोवती असताना तर हमखास. संध्याकाळी गॅलरीत बसून, किंवा पाय चेपताना, नेमकं विचारा: रात्री किती वेळा उठावं लागतं? शेवटचं घराबाहेर कधी गेलात? काय करायचं राहून जातंय? आणि सर्वांत महत्त्वाचं, ‘काहीही झालं तरी कोणती गोष्ट हातची जाऊ नये असं वाटतं?’ कोणी म्हणेल, सकाळचा पेपर. कोणी म्हणेल, स्वतःचं स्वतः शौचाला जाणं. ते उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा, कारण पुढचे उपचार त्याच्याशी ताडून पाहायचे आहेत. घरच्यांचा अंदाज आणि रुग्णाचं उत्तर यांत बऱ्याचदा तफावत निघते. रुग्णाचं जगणं जितकं वाईट आहे असं जवळच्यांना वाटतं, तितकं ते रुग्णाला स्वतःला बहुधा वाटत नसतं.

कोणत्या आजाराची उतरण कशी

सगळे आजार एकाच चालीने खाली नेत नाहीत. कर्करोगात बराच काळ माणूस हिंडतं-फिरतं राहतं आणि अखेरच्या काही महिन्यांत झपाट्याने खालावतं. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड यांच्या आजारात उतरण पायऱ्यांची असते: एक झटका, रुग्णालय, थोडी सुधारणा, पण आधीच्या पायरीवर पूर्ण परतणं नाही. स्मृतिभ्रंश आणि सर्वांगाच्या अशक्तपणात ती संथ, वर्षानुवर्षांची असते. आपल्या माणसाचा आजार यांतला कोणता हे डॉक्टरांना सरळ विचारा. मग कशाकडे लक्ष ठेवायचं ते ठरतं.

हृदय कमजोर असेल तर रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढणं, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राहणं, झोपताना एकाऐवजी दोन उशा लागणं, रात्री दम लागून उठून बसणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जुनाट श्वसनविकारात सपाट रस्त्यावर कुठवर न थांबता जाता येतं ते लिहा. आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग आंघोळ करतानाच दम, असा प्रवास असतो. वर्षात एकदा जरी दम वाढून दाखल व्हावं लागलं असेल तर पुढच्या झटक्याचा धोका जास्त धरा, आणि फ्लू व न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारा. मूत्रपिंडाच्या आजारात तोंडाची चव जाणं, मळमळ आणि खाज यांकडे लक्ष द्या. मधुमेही रुग्णाला मूत्रपिंड बिघडल्यावर इन्सुलिन जास्त वेळ पुरतं, त्यामुळे साखर अचानक ‘छान’ येऊ लागली तर डोस जड होत असेल. स्मृतिभ्रंशात घास गिळायला लागणारा वेळ, जेवताना येणारा ठसका आणि घटलेलं बोलणं टिपा.

घसरणीची वळणं

एरवी महिन्याला एकदा वही उघडायची, पण काही प्रसंगांनंतर ती रोज उघडा. रुग्णालयातला मुक्काम हा त्यांतला सर्वांत मोठा. अमेरिकेतल्या एका २००३च्या अभ्यासात, दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक आजारी पडण्यापूर्वी स्वतः करत असलेली किमान एक मूलभूत गोष्ट गमावून घरी गेले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांमधून सुमारे एक किलो स्नायू गेला. आपल्याकडे घरी आणल्यावर ‘आता महिनाभर पूर्ण विश्रांती’ असं प्रेमाने सांगितलं जातं. डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली नसेल तर असं करू नका. रुग्णालयातच, पहिल्या-दुसऱ्या दिवशी विचारा: यांना खुर्चीत कधी बसवायचं, चालवायचं कधी? घरी आल्यावर दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी पहिल्या पानाशी तुलना करा. सहा आठवड्यांतही आंघोळ किंवा चालणं परतलं नसेल तर फिजिओथेरपिस्टची मदत घ्या, आपोआप होईल म्हणून थांबू नका.

पडणं हे दुसरं वळण. हाड मोडलं नाही म्हणून सुटलो असं होत नाही. पडण्याच्या धास्तीने माणूस चालणं कमी करतं, पाय कमजोर होतात आणि पुन्हा पडतं. प्रत्येक वेळी कुठे, किती वाजता, कशानंतर ते लिहा. रात्री लघवीला उठताना पडले असतील तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल तर औषधांची फेरतपासणी हवी. जोडीदाराचा मृत्यू, घर बदलणं, मुलांकडे ‘दोन-दोन महिने’ फिरत राहणं हीही वळणंच आहेत, अंगावर खूण नसली तरी.

एका गोष्टीला मात्र मुळीच थांबू नका. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज अचानक बरळू लागली, दिवस-रात्र कळेना, किंवा उलट दिवसभर गुंगीत पडून राहिली, तर त्याला म्हातारचळ म्हणू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम उतरणं, साखर उतरणं, नवी गोळी, तुंबलेली लघवी, साधं बद्धकोष्ठ यांपैकी काहीतरी असतं आणि बहुतेक वेळा ते बरं होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, छातीत दुखणं, विश्रांतीतही दम लागणं यांच्यासाठी तर वही उघडण्यातही वेळ घालवू नका.

वही काय करायला सांगते

तीन महिन्यांची पानं शेजारी ठेवा. वजन उतरतंय, चाल मंदावतेय, पकड सैल होतेय, सतत थकवा आहे, हालचाल घटली आहे: या पाचांपैकी तीन किंवा अधिक गोष्टी दिसत असतील तर डॉक्टर त्याला फ्रेल्टी म्हणतात. लिंडा फ्रीड यांनी २००१ साली हे निकष मांडले. एक-दोन असतील तर माणूस उंबरठ्यावर आहे, आणि प्रयत्नांचं सर्वाधिक फळ याच टप्प्यावर मिळतं. पडणं, दाखल होणं, परावलंबी होणं यांची शक्यता कोणाला जास्त आहे, एवढं या निकषांवरून कळतं. अमुक महिन्यात अमुक होईल असं त्यांतून निघत नाही, आणि तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पुढच्या भेटीत घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. हृदयाच्या, साखरेच्या, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या, आयुर्वेदिक, शेजाऱ्यांनी सुचवलेल्या, सगळ्या. पाचपेक्षा जास्त औषधं चालू असतील तर ‘यातलं काही कमी करता येईल का?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि अंगदुखीवर रोज घेतली जाणारी वेदनाशामकं यांनी किती माणसं पडतात, भ्रमात जातात, मूत्रपिंड गमावतात! अनेक आजार असलेल्या ज्येष्ठांना सरासरी साखर ८ टक्क्यांच्या आसपास चालू शकते, हेही डॉक्टरांशी बोला. सातच्या खाली आणण्याच्या अट्टहासात साखर उतरून कोसळणं जास्त घातक ठरतं. स्वतःहून मात्र कोणतीही गोळी बंद करू नका.

ताट पाहा. चहा-बिस्किट, मऊ भात, रात्री दूध-पोळी यांत प्रथिनं फार थोडी. दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं ज्येष्ठांना लागतात, म्हणजे ५५ किलोच्या आजींना किमान ५५ ग्रॅम. घट्ट वरण, मुगाचं धिरडं, दही, पनीर, अंडं, मासे जे चालत असेल ते तिन्ही वेळा विभागून द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्याच्या जोडीला खुर्चीतून उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं असे ताकदीचे व्यायाम हवेत. नुसती संध्याकाळची फेरी पुरत नाही. न्हाणीघरात पकडायला दांडी, न घसरणारी चटई, रात्रीचा छोटा दिवा हे पहिल्या पडण्याआधी बसवा.

सेवा करणाऱ्याचंही एक पान वहीत असू द्या. घरोघरी हे काम एकाच बाईवर पडतं. तिची झोप, तिची पाठ, तिची चिडचिड लिहा. ती खचली की रुग्ण पाठोपाठ खचतो. तिला आठवड्यातून एक पूर्ण दिवस मोकळा कसा मिळेल हे भावंडांनी बसून ठरवायला हवं. खर्चाचा भागही आधीच पाहून ठेवा: सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण आहे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७.

वहीतल्या पायऱ्या सतत खालीच जात असतील, वर्षात दोन-तीनदा दाखल करावं लागलं असेल, तर डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरबद्दल विचारा. ही शेवटच्या आठवड्याची सोय आहे असा समज सगळीकडे आहे आणि त्यामुळे फार लोक नाहक वेदनेत राहतात. दम, दुखणं, मळमळ, भीती यांवरचे हे उपचार मूळ उपचारांबरोबरच चालतात. आणि आईला काय हवं, काय नको, व्हेंटिलेटरबद्दल तिचं मत काय, हे ती नीट बोलू शकत असताना विचारा. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर भावंडांनी अंदाज बांधण्यापेक्षा तिच्या तोंडून ऐकलेलं केव्हाही बरं.

येत्या रविवारी पहिलं पान लिहा. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, म्हणून पुढच्या भेटीला फक्त तीन ओळी काढून न्या: काय सुटलं, कधी सुटलं, आणि तिला काय हातचं जाऊ द्यायचं नाही.